गौसभाईंची तोंडी बढती

सोलापुरात हैदराबाद रोडला, मार्केट यार्डाच्या अलीकडं संगप्पा शेठचं ट्रान्सपोर्ट आहे. तिथं गाड्या बदलल्या, ड्रायव्हर बदलले, पत्र्याच्या ऑफिसाला स्लॅब पडला, खुद्द शेठच्या छातीत नव्या नळ्या बसल्या. क्लीनर तेवढा बदलला नाही. क्लीनर म्हणजे गौसभाई. पन्नाशी उलटलेली, दाढीत पांढरं जास्त, अंगात तेलकट निळा शर्ट आणि खांद्यावर काच पुसायचं फडकं.

ट्रकच्या धंद्यात क्लीनर ही काही मुक्कामाची जागा नव्हे. पायरी आहे ती. पोरगं येतं, टायर पुसतं, ताडपत्री आवळतं, ड्रायव्हरला चहा आणून देतं. मग मोकळ्या माळावर गाडी मागंपुढं करायला शिकतं, लायसन काढतं आणि एक दिवस उडी मारून उजव्या बाजूला जाऊन बसतं. डाव्या बाजूला दुसरं पोरगं येतं. सगळ्या ड्रायव्हरांचं हेच झालेलं असतं. गौसभाईंचं झालं नाही. त्यांच्या मागनं आलेले ड्रायव्हर झाले, ड्रायव्हरचे गाडीमालक झाले, एक जण तर पंचायत समितीला उभा राहून पडलासुद्धा. गौसभाई आपले टायरवर लोखंडी टॉमी मारून हवा बघत राहिले.

सुरुवातीला संगप्पा शेठ दर दिवाळीला म्हणायचा, "गौस, पुढच्या साली तुला गाडी देतो बग." पुढं पुढं त्यानं म्हणायचं सोडलं. गौसभाईंनी वाट बघायचं त्याच्याही आधी सोडलं होतं.

सध्या ते नंदीशच्या गाडीवर आहेत. नंदीश अक्कलकोटकडचा, तिशीतला, घरी कानडी आणि गाडीत मराठी बोलणारा. गाडी चालवायला तो गौसभाईंकडूनच शिकला. म्हणजे स्टेअरिंग दुसऱ्या कुणी शिकवलं, पण गाडी केवढी आहे हे गौसभाईंनी शिकवलं. त्यामुळं तो त्यांना चाचा म्हणतो आणि हक्कानं चेष्टा करतो.

"चाचा, तुमी पिच्चरमधल्या हवालदारासारखं हाव. इन्स्पेक्टरचा कमिशनर होतोय, हवालदार आपला हवालदारच. पयल्या सीनला बी 'येस सर', शेवटाला बी 'येस सर'."

"आनि शेवटाला पोलीस घेऊन कोण येतंय रे? हवालदारच की."

"येतंय, पर मारामारी संपल्यावर."

"मग शाना हाय त्यो."

गौसभाईंचं खरं काम गाडी उलटी घेताना दिसायचं. मोंढ्यातली बोळं, गोदामाची दारं, दोन्ही बाजूला हमाल आणि हातगाड्या, मध्ये एखादं लोळत पडलेलं कुत्रं. दहा टायरची गाडी तिथं मागं घ्यायची म्हणजे ड्रायव्हर आंधळाच. गौसभाई मागं जाऊन उभे राहायचे आणि सुरू करायचे, "आन दे... आन दे... आन दे... काट... फुल काट... सीधा कर..." तोंडानं हे, आणि तळहातानं हौद्याच्या पत्र्यावर थाप. दोन थापा म्हणजे ये. एक थाप म्हणजे जागेवर मर. ट्रकच्या इंजिनाच्या आवाजात शब्द हरवतात, थाप हरवत नाही. नंदीश आरशात बघायचाच नाही. थाप ऐकून गाडी चालवायचा. दुसऱ्याच्या गाड्यांचे ड्रायव्हरसुद्धा खिडकीतनं ओरडायचे, "गौसभाई, जरा आमच्या मागं बी या की!" आणि गौसभाई हातातला चहाचा कप तिथंच बोनेटवर ठेवून जायचे. कुणाची गाडी मागं येताना दिसली आणि ते बसून राहिले, असं कधी झालं नाही. चटकच होती ती, म्हणा.

या चटकेनंच घोटाळा केला.

गौसभाईंना एकच मुलगी, राहत. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ती मशीनवर बसते. दिवसभर खाकी आणि निळं कापड हातातनं जातं, संध्याकाळी घरी आली की बोटांना तो रंग असतो. वय सव्विशीला टेकलं होतं. स्थळं येत होती आणि जात होती. एकांना शिकलेली पाहिजे होती, एकांना फार शिकलेली वाटली, एकांना घर स्वतःचं पाहिजे होतं. राहतनं शेवटी सांगून टाकलं होतं, आता मला दाखवायला बसवू नका. मग तिच्या मामूनं बार्शीचं स्थळ आणलं.

मामू म्हणजे गौसभाईंच्या बायकोचा, गुलबानोचा भाऊ. जुने कूलर घेऊन रंगवून विकणं हा त्याचा धंदा आणि लग्नं जमवणं हा शौक. दोन्हीकडं पद्धत एकच, वरनं रंग चांगला द्यायचा. मुलगा ताबीश, फ्रीज-एसी दुरुस्त करतो, बार्शीत स्वतःचं दुकान. बाप इलाहीबक्ष, उभा जन्म ट्रक चालवून आता घरी बसलेला. राहतनं फोटो बघितला. मग मामूनं फोनवर दोघांचं बोलणं करून दिलं. फोन ठेवल्यावर ती आईला म्हणाली, "ठीक हाय. बोलताना ऐकून घेतो." तेवढ्यावरच गुलबानोनं ओळखलं. पोरीनं पहिल्यांदा कुणाला बरं म्हटलं होतं.

या घरात बोलणं दखनीत सुरू होतं आणि मराठीत संपतं. त्या दिवशीही तसंच झालं.

"इलाहीबक्षनं एकच अट घातली," मामू चहात खारी बुडवत म्हणाला. "सून ड्रायव्हरच्या घरची पायजे. बोल्या, ड्रायव्हरच्या घरच्या पोरींना वाट बघायची सवय असते. मी बोल्या, तो फिर सवालच नै! आमचा मेहुणा ड्रायव्हरच हाय."

गौसभाईंनी कप खाली ठेवला. "कायकू बोल्या रे?"

"बोल्या तो क्या हुआ? गाडीवरच असता ना तुमी? उजवीकडं बसला काय, डावीकडं बसला काय, गाडी एकच. दोघं एकदमच पोचताव की भिवंडीला!"

"म्हणून मी ड्रायव्हर?"

"आनि चालवली की एकदा. तुळजापूर रोडला. अख्खी गाडी एकट्यानं आणली म्हणून तुमीच सांगितला होता."

 गौसभाईंनी तसं सांगितलं होतं खरं. कसं आणलं, ते सांगितलं नव्हतं.

त्यांनी बायकोकडं बघितलं. गुलबानो भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक दिवसाची गोष्ट हाय. तुमी बोलूच नका काही. नुसतं बसा." तेवढ्यात आतनं राहत पाण्याचा तांब्या घेऊन आली, बापाकडं एकदा बघून परत गेली. त्या बघण्यात काय होतं ते गौसभाईंना कळलं. त्यांनी फडकं खांद्यावरनं काढून घडी घातली आणि म्हणाले, "हौ. बसतो."

अशी त्यांना बढती मिळाली. शेठनं कधी दिली नाही, ती मेहुण्यानं चहाबरोबर देऊन टाकली.

रविवारी बार्शीची मंडळी आली. स्वतःची जुनी जीपगाडी, चालवत खुद्द इलाहीबक्ष. साठीच्या पुढचा माणूस, आडवी छाती, बोटात चांदीची अंगठी, गाडीतनं उतरताना दार असं लावलं की गल्लीतल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. बरोबर बायको, बहीण आणि ताबीश. बायका आत गेल्या. बाहेरच्या खोलीत पुरुष बसले. शास्त्रीनगरातल्या त्या खोलीत पंखा नवा होता, मामूनं आदल्या दिवशी आणून लावलेला. जाताना परत न्यायचा होता.

"कुठली गाडी?" इलाहीबक्षनं विचारलं.

"दहा टायर."

"लाईन?"

"भिवंडी, हुबळी, हैदराबाद. माल असंल तिकडं."

एकही शब्द खोटा नव्हता. मामू खूश झाला. इलाहीबक्षला धंद्यातलं माणूस भेटल्याचा आनंद झाला. तो घाटांचं, टोलनाक्यांचं, ढाब्यांचं बोलायला लागला. गौसभाईही हळूहळू मोकळे झाले. कुठल्या घाटात डाव्या अंगाला दगड निसटतात, कुठल्या वळणावर डावीकडची मोरी खचलीय, कुठल्या गावात डाव्या हाताला भजी चांगली मिळतात. इलाहीबक्ष मान डोलवत ऐकत होता. मध्येच एकदा डोलवायची थांबवून त्यानं गौसभाईंकडं नीट बघितलं, पण तेवढ्यात राहत चहा घेऊन आली आणि ते राहिलं.

सगळं सुरळीत झालं. शेंगापोळी झाली, सरबत झालं, आत गुलबानोनंही नवरा ड्रायव्हर म्हणूनच सांगितलं, बायकांनी राहतचे हात बघितले आणि खाकी रंगावर हसल्या. ताबीश आणि राहत दोन शब्द बोलले. निघताना इलाहीबक्षच्या बायकोनं गुलबानोच्या हातावर हात ठेवला. म्हणजे जमल्यासारखंच होतं.

आणि मग गाडी मागं घ्यायची वेळ आली.

गल्ली अरुंद, पुढं रस्ता बंद. एका बाजूला उघडी गटार, दुसऱ्या बाजूला लाईटचा खांब, त्याला टेकवलेल्या दोन सायकली. इलाहीबक्ष स्टेअरिंगवर बसला. ताबीश मागं जाऊन उभा राहिला. पोरगं फ्रीजवालं, त्याला गाडीच्या मापाचं काय. तो आपला दोन्ही हात हलवत म्हणत होता, "या अब्बा, या, या... थांबा थांबा... न्हाई, या." इलाहीबक्ष आतनं ओरडला, "येऊ का थांबू?" मागचं चाक गटारीच्या कडेला लागलं.

गौसभाई ओट्यावर उभे होते. मामूनं त्यांच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती. बाही सुटली कधी ते दोघांनाही कळलं नाही. गौसभाई गाडीच्या मागं होते. ताबीशला त्यांनी खांद्याला धरून बाजूला केलं.

"पुढं घ्या जरा. पुढं... हां. आता आन दे. आन दे... आन दे... काट... फुल काट, फुल काट... सीधा कर..."

आणि पत्र्यावर थापा. दोन, दोन, दोन. गाडी खांबाला बोटभर चुकवून, सायकलींना वारा घालून, गटारीच्या कडेकडेनं सरळ रेघ मारल्यासारखी मागं गेली. वळणावर रिक्षा आडवी आली. गौसभाईंनी एक थाप मारली. गाडी जागच्या जागी उभी. रिक्षा गेली. दोन थापा. गाडी मोठ्या रस्त्यावर. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. गौसभाई हात झटकत उभे राहिले, चेहऱ्यावर रोजच्यासारखं समाधान.

मोठ्या रस्त्यावर गाडी थांबली, दार उघडलं आणि इलाहीबक्ष खाली उतरला. चालत गल्लीत परत आला.

"किती साल?"

"काय?" गौसभाई म्हणाले.

"क्लीनरकी."

मामू पुढं झाला. "अवो, ती आपली सवय असते की धंद्यातल्या माणसाला..."

"तुमाला नै विचारलं." इलाहीबक्षनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "ड्रायव्हर माणूस असता तर वरनंच ओरडला असता. लई झालं तर हात दाखवला असता. खाली उतरून पत्र्यावर थाप मारत मागं पळणार क्लीनरच. मी बी मारल्याती. दोन साल." मग तो गौसभाईंना म्हणाला, "तुमी?"

हो म्हणायला, नाही म्हणायला, दोन्हीला एकच क्षण होता. मामू डोळ्यांनी खुणावत होता. गुलबानो दारात होती. तिच्या मागं राहत.

"उमर गेली," गौसभाई म्हणाले.

"मला ड्रायव्हर बोलले होते."

"हौ. बोलले होते."

इलाहीबक्ष पाठ फिरवून गल्लीतनं परत गेला. गाडीत बसला आणि गाडी बार्शीच्या दिशेनं निघून गेली.

मामूनं पंखा काढून नेला. गुलबानो दोन दिवस भांडी जरा जोरात ठेवत होती.  राहत मात्र सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं भाकरी मोडता मोडता विचारलं,

"अब्बा, खांबाला गाडी घासली असती तर काय झालं असतं?"

"ओरखडा पडला असता."

"कुणाच्या गाडीला?"

"त्यांच्या."

"मग पडू द्यायचा की."

गौसभाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. पोरीचं चुकलं नव्हतं. ओरखडा पडला असता तर इलाहीबक्षनं पोराला दोन शिव्या दिल्या असत्या आणि लग्न ठरलं असतं. पण गाडी मागं येत असताना आपण ओट्यावर हात बांधून उभं राहिलो आहोत, हे चित्र कितीही जोर लावला तरी त्यांच्या डोळ्यासमोर येईना.

बार्शीहून फोन नाही. ताबीशचाही नाही. राहत फोन मशीनवर पालथा ठेवून शिवायची, असं तिची मैत्रीण गुलबानोला सांगून गेली.

मग बार्शीची ट्रिप लागली. तिथल्या अडतीतनं तूर उचलायची होती. संगप्पा शेठनं नंदीशला चिठ्ठी दिली आणि गौसभाईंना म्हणाला, "गौस, तोंड का पाडून बसलायस रे? पोरीचं जमलं न्हाई का?"

"न्हाई अजून."

"काय म्हणत्यात?"

"क्लीनर म्हणत्यात."

 शेठला काहीतरी आठवलं असावं, कारण तो एकदम टेबलावरचा फोन उचलून कुणाशीतरी डिझेलचं बोलायला लागला.

वाटेतलं वैराग मागं पडल्यावर नंदीशनं गाडी कडेला घेतली. सगळी हकीकत त्याला ठाऊक होती.

"चाचा, हिकडं या. स्टेअरिंगवर बसा."

"कायकू?"

"बार्शी येईस्तोवर तुमी चालवा. त्यांच्या दारात नेऊन हुबी करू. हॉर्न मारायचा भोंऽऽ करून. मी क्लीनर होतो आजच्या दिवस. फडकं द्या हिकडं. म्हनायचं, बगा, कोण हाय ड्रायव्हर!"

"आनि त्यांच्या दारातनं गाडी मागं कोण घेणार?"

नंदीश हसायला लागला. "व्हय की, त्ये ऱ्हायलंच."

"तू चालव. मला नुसतं सोड तितं. एक खोटं झाकाय दहा टायरचं दुसरं खोटं कशाला?"

"मग काय सांगणार हाव?"

"काय म्हाईत. जाऊन तर बघू."

तूर भरायला हमाल लागले. नंदीश म्हणाला, ताडपत्री आज मी आवळतो, तुमी जावा. गौसभाई विचारत विचारत इलाहीबक्षच्या घरी पोचले. म्हातारा अंगणात खाटेवर बसून दाराच्या निघालेल्या बिजागरीला तेल घालत होता. त्यानं वर बघितलं, बस म्हटलं नाही, पण खाटेवरची तेलाची बाटली उचलून खाली ठेवली. गौसभाई तेवढ्या जागेत टेकले.

"कोण आलंय बरोबर? तो साला?"

"न्हाई. एकटाच."

"गाडी?"

"अडतीत. भरायला लागलीय."

इलाहीबक्ष बिजागरी उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, "मी चाळीस साल गाडी चालवली. मागं क्लीनरनं 'आन दे' म्हटलं की आन दिली. बघितलं न्हाई. कारण तो खोटं बोलला तर गाडी भिंतीत जाते, एवढं त्याला बी कळतं. आनि तुमी मला घरात बसवून, चहा पाजून भिंतीत घालाय निघाला होता."

"हौ," गौसभाई म्हणाले.

इलाहीबक्षला वादाची अपेक्षा होती. त्यानं बिजागरीत उगीच आणखी तेल सोडलं.

"क्लीनरला माझं ना न्हाई," तो जरा वेळानं म्हणाला. "पर ह्या वयाला? ड्रायव्हर का न्हाई झाला? डोळं? दारू?"

"न्हाई. दोन्ही बरं हाय. म्हणजे दारू न्हाईच." गौसभाईंनी फडक्यानं हात पुसले, पुसण्यासारखं हाताला काही नव्हतं. "एकदा चालवली. तुळजापूर रोडला. आमच्या ड्रायव्हरला ताप भरला, तो मागं पडला फळीवर. मला बोल्या, रस्ता सरळ हाय, ने सोलापूरपर्यंत. नेली. गाडी चांगली चालली बगा. पर जरा पुढं गेलो की मला वाटायचं, मागं काय चाललंय? ताडपत्री सुटली काय? टायर बसला काय? गाडी कडंला घ्यायची, उतरायचं, मागं जाऊन बघायचं. सगळं ठीक असायचं. परत चढायचं. परत जरा पुढं गेलं की तेच. शेवटी तो ड्रायव्हर तापातनं उठून बसला, बोल्या, 'गौस, गाडी आणालायस का शेळ्या चाराय निघालायस?' आनि स्वतःच चालवली त्यानं. तापात."

इलाहीबक्षनं बिजागरी खाली ठेवली. हसू त्याच्या मिशीपर्यंत आलं होतं, पण तो ते दाबत होता.

"मग?"

"मग काय न्हाई. शेठ म्हणायचा, पुढच्या साली देतो. मी बी म्हणायचो, द्या. दोघांनाबी म्हाईत होतं. मला पुढं बघता येत न्हाई वो. मागचं बघता येतं. ते काम हाय तोवर करणार."

"आनि आता गाडीला मागं कॅमेरा आलाय."

"आलाय. आमच्या शेठनं बी नवी बुक केलीया."

इलाहीबक्षच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि ती दाराशीच उभी राहिली.  मग इलाहीबक्षनं चहा बशीत ओतला.

"पोरगं जेवत न्हाई नीट," तो बशीकडं बघत म्हणाला. "माझ्यासंगं बोलत बी न्हाई. मला काय करायचं ते कळेना, कारण मी माझ्या भावाबंदात सांगून बसलोय, ड्रायव्हरची पोरगी आणतो म्हणून. आता कुणी सांगायचं त्यांना? मी न्हाई सांगणार. मी का खोटा पडू?"

"मी सांगतो."

"कुठं सांगता? घरोघर फिरून?"

"तुमी म्हणाल तितं."

"मंगनीला सगळे बसतील. माझा थोरला भाऊ असंल, तोच इचारतो सगळं. सगळ्यांच्या देखत इचारील, पोरीचा बाप काय करतो. तवा तुमी बोलायचं. तुमच्या तोंडानं. त्या साल्याच्या न्हाई. हसले तर हसू द्यायचं. चालतंय?"

गौसभाई म्हणाले, चालतंय. चहा पिऊन ते अडतीत परत आले. नंदीशनं ताडपत्री आवळली होती, पण एक कोपरा ढिला होता. गौसभाईंनी तो सोडून परत बांधला आणि मगच झालेलं सांगितलं.

घरी ऐकल्यावर मामू उडालाच. "सगळ्या बिरादरीत? अरे, गुपचूप सांगून मिटवायचं की! चारचौघात क्लीनर म्हणून घ्यायचं? उद्या मी कुठल्या तोंडानं दुसरी स्थळं घेऊन फिरू?" गुलबानो मात्र काही बोलेना. तिचं गप्प बसणं गौसभाईंना मामूच्या ओरडण्यापेक्षा जड जात होतं. त्यांनी राहतला विचारलं. ती म्हणाली, "बोला अब्बा. न्हाईतर मी तिकडं गेल्यावर रोज कुणीतरी इचारील आनि रोज मला घाम फुटंल." मग जरा थांबून, "आनि हसले तर बघू नका त्यांच्याकडं."

मंगनी, म्हणजे साखरपुडा, गल्लीतच झाली. शेजारच्यांच्या अंगणात मांडव घातला, सतरंज्या टाकल्या. बार्शीहून पंधरा-वीस माणसं आली. पुरुष मांडवात, बायका आत. इलाहीबक्षचा थोरला भाऊ लोडाला टेकून मध्ये बसला. पांढरी टोपी, हातात तसबीहची माळ, घाई नसलेला माणूस. त्यानं खानदान विचारलं, मूळ गाव विचारलं, भाऊ किती, बहिणी किती. गौसभाई धुतलेल्या शर्टात बसले होते. खांदा मोकळा असल्यानं त्यांचा हात सारखा तिथं जात होता. इलाहीबक्ष समोर सतरंजीकडं बघत होता. मामू मांडवाच्या खांबाला टेकून बाहेर तोंड करून उभा होता.

"आनि पोरीचे वालिद? कामधंदा काय?"

"ट्रकवर असतो," गौसभाई म्हणाले. आवाज बारीक आला असं वाटून त्यांनी परत सांगितलं. "क्लीनर हाय. ड्रायव्हर न्हाई. ड्रायव्हर म्हणून सांगितलं होतं, ते खोटं होतं. मी क्लीनर हाय."

मांडवातल्या माना वळल्या. मागं बसलेला एक पुतण्या, इस्त्रीचा शर्ट आणि गॉगल डोक्यावर, शेजाऱ्याला म्हणाला, "अजून?" सगळ्यांना ऐकू गेलं. दोघं-तिघं हसले. "मग चाचा, ड्रायव्हर कधी होणार?" पुतण्यानंच विचारलं.

"न्हाई होत आता," गौसभाई म्हणाले.

थोरल्या भावानं तसबीहचे दोन मणी ओढले. इलाहीबक्षकडं बघितलं. इलाहीबक्षनं मान हलवली, म्हणजे मला ठाऊक आहे.

"अच्छा," थोरला भाऊ म्हणाला. "आनि पोरगी कितवी शिकलीय?"

झालं. ज्याच्यासाठी गौसभाईंची झोप उडाली होती, ते एवढंच होतं. त्यांना क्षणभर वाटलं, भावानं ऐकलंच नाही की काय. पण पुतण्या अजून गालात हसत होता, म्हणजे ऐकलं होतं. त्यांनी सांगितलं, बारावी. पुढचा प्रश्न आला. मग तोंड गोड करायला शक्कर आणायला सांगितली.

आत बायकांच्या खोलीत पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं. राहत मान खाली घालून बसली होती, ओढणीच्या आत तिचा श्वास मोठा झालेला दिसत होता. शक्करचं नाव निघालं तेव्हा तो खाली बसला. इलाहीबक्षच्या बहिणीचं तोंड जरा वाकडं झालं होतं. पण त्याची बायको सरकत सरकत गुलबानोजवळ आली आणि कानाशी लागून म्हणाली,

"एक इचारू? तुमी बी ड्रायव्हर म्हणूनच सांगितलं होतं की आमाला. डोळ्याला डोळा देऊन. कसं जमलं वो?"

गुलबानोनं पदर सारखा केला. इतके दिवस ती या विषयावर एक शब्द बोलली नव्हती.

"माझ्या शादीत मला बी तेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "सासूनं. बोल्ली, लडका सालभरमें ड्रायव्हर हो जायेगा. मी बोल्ली, सालभर काय, थांबते की."

"मग?"

"मग काय. अजून सालच पूरा न्हाई झालं."

इलाहीबक्षची बायको आधी तिच्याकडं बघत राहिली आणि मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिचं बघून बहीण हसली, मग शेजारणी, मग ओढणीच्या आत राहतसुद्धा. मांडवातनं इलाहीबक्षचा आवाज आला, "काय झालं आत?" कुणी काही सांगितलं नाही. गुलबानोनं शक्करची वाटी उचलली आणि चिमूट भरून आधी विहीणबाईच्या तोंडात घातली.